आठवीपर्यंत नापास न करण्यामुळेच शिक्षणाचं वाटोळं झालं ना? सहावीतल्या भाच्याला वाचता येत नाही, त्याला एक वर्ष मागे बसवावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नका बसवू. शिवाय सहावीत शाळेला नियमाने तसं करताही येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली ती फक्त पाचवी आणि आठवीपुरती आहे. तुमच्या महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम बदलले आणि केंद्राने आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये. वार्षिक परीक्षेत पोर नापास झालं तर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. तुमचा भाचा पाचवीतून पुढे आला आहे, म्हणजे आठवीपर्यंत त्याला कोणी अडवणार नाही.

पहिल्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. हे "वाटोळं झालं" मी स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि ते मला मान्य नाही.

मी बडोद्यात पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडची मुलं बहुतेक खानदेशातून पोटासाठी आलेल्या घरांतली. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि पुस्तकात पुण्याची मराठी. अशा मुलाला पहिलीत "हे चित्र बघ आणि नाव सांग" म्हटलं की ते नाव सांगतं, पण ते पुस्तकातलं नसतं. बाई म्हणतात चूक. तिथून पोर गप्प बसायला शिकतं.

एका वर्षी सहावीत एक मुलगा आला. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचा, वही बघून कोणीही शाबासकी दिली असती. मागच्या वर्षांची पत्रकं काढून पाहिली तर रकान्यांत ओळीने बरोबरच्या खुणा. (आमच्याकडे याला पत्रक-अ म्हणतात. प्रत्येक मुलाला काय आलं, काय अर्धवट आलं, काय आलं नाही याच्या खुणा त्यात करायच्या.) त्याला धडा वाचायला सांगितला तर घडाघडा म्हणायचा. पान संपलं तरी न उलटता पुढचं म्हणत राहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हे काय?" विचारलं, तर तो तोंडातल्या तोंडात धड्याच्या सुरुवातीपासून म्हणत त्या शब्दापर्यंत आला आणि मग सांगितलं. अक्षरं तो काढत होता, वाचत नव्हता. शेजारच्याकडून ऐकून अख्खं पुस्तक पाठ करणारा मुलगा, आणि आपण त्याला ढ म्हणतो!

त्याच्या बापाची भाजीची लारी, म्हणजे हातगाडी होती. शाळा सुटली की हा लारीवर. भाव, वजन, सुटे पैसे सगळं तोंडी, बोटं न मोजता. मी मध्यान्ह भोजनानंतरचा वेळ धरला. त्याला म्हटलं, आज सकाळी घरी काय झालं ते सांग, तुझ्या बोलीत सांग. तो म्हणाला, "मना बाप बजारमा गया." मी तेच फळ्यावर लिहिलं. तो बघतच राहिला. आपलं बोलणं असं लिहिता येतं हे त्याला सहा वर्षांत कोणी दाखवलंच नव्हतं. त्यातला "मा" कुठे कुठे आहे शोध, "बा" शोध, मग त्याच्याखाली "माझा बाप बाजारात गेला". रोज त्याचंच एक वाक्य. काना, मात्रा, वेलांटी सगळं त्याच्या लारीवरच्या मालातून आलं: काकडी, मेथी, कोथिंबीर. जोडाक्षरांना फार वेळ लागला.

मधे वरून पाहणीला आलेल्या एका साहेबांनी फळ्यावर अहिराणी बघून विचारलं, "हे कोणत्या अभ्यासक्रमात आहे?" पुढचा प्रश्न, पत्रकं भरून झाली का. मुलगा समोर उभा होता. त्याला एक ओळ वाचायला लावावी असं त्यांच्या मनात आलं नाही.

वर्ष संपेपर्यंत तो तिसरीचं पुस्तक बोट फिरवत, अडखळत, पण खरोखर वाचत होता. सातवीत गोष्टींची पुस्तकं मागून नेऊ लागला. आठवीत भाषा ठीक, विज्ञान आणि समाजशास्त्र कच्चंच. मग नववी. गुजरातमध्ये नववीला मूल हायस्कुलात जातं. तिथे तो पहिल्याच वर्षी नापास झाला. त्याला त्याच वर्गात ठेवलं आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बापाला बोलावून सांगितलं, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन जा, हा दहावीला आमचा निकाल खाली आणेल. बापाने नेली.

माझे धाकटे दीर हायस्कुलात गणित शिकवायचे, दुसऱ्या शाळेत. गौरीजेवणाला सगळे दांडिया बाजारातल्या घरी जमलो की दरवर्षी त्यांचं ठरलेलं वाक्य: "वहिनी, तुम्ही ढकलता आणि आम्ही निस्तरतो." त्या वर्षी मी विचारलं, भाऊजी, नापास केलेल्या मुलासाठी दुसऱ्या वर्षी तुम्ही काय वेगळं करता? तेच पुस्तक, तोच फळा, तेच मास्तर, फक्त शेजारी बसणारी पोरं वयाने लहान. त्यांचं उत्तर: वर्गात साठ मुलं असतात, पोर्शन संपवायचा असतो. बरोबर आहे. मग मागे ठेवण्याने साधलं काय? ज्याला वाचता येत नाही त्याला न वाचता येणारं पुस्तक दोनदा दिलं, एवढंच. माझ्या त्या विद्यार्थ्याला वाचायला आलं ते त्याला सहावीत पुढे येऊ दिलं होतं म्हणून. पाचवीत दोनदा बसवला असता तर तो माझ्यापर्यंत पोचलाच नसता, थेट लारीवर गेला असता.

आम्हा बडोदेकरांना या गोष्टीचा इतिहास ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात विधेयक मांडलं तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचंच उदाहरण होतं. पण महाराजांनाही दिसलं की सक्तीने मूल बाकावर येतं, शाळा सुटली की दोन-चार वर्षांत शिकलेलं पुसून जातं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणून गावोगाव ग्रंथालयं काढली, पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. कायदा करून ते थांबले नाहीत. आपण २००९ मध्ये कायदा केला आणि थांबलो.

कायद्यात दोन गोष्टी जोडीने होत्या. कलम १६ म्हणतं, मुलाला मागे ठेवू नका. कलम २९ म्हणतं, सतत आणि सर्वांगीण मूल्यमापन करा, म्हणजे कुठे अडलं ते तिथल्या तिथे बघा. पहिलं पाळायला काही करावं लागत नाही, म्हणून ते सगळ्यांनी पाळलं. दुसऱ्याचं पत्रक झालं. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हेही त्याच कायद्यात आहे. आणि जनगणना, आपत्ती, निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका, हेही. निवडणूक सोडून म्हणजे काय, ते मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरलेल्यांना विचारा. ही कलमं मोडली जात राहिली. बदललं काय, तर कलम १६. ज्यात फक्त मुलाचं नुकसान होतं ते बदलणं सोपं होतं.

आणि नियमामुळे वाटोळं झालं म्हणणाऱ्यांनी "असर"चे जुने अहवाल काढावेत. त्या पाहणीसाठी प्रथम संस्था २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला लावते. कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला. त्याच्या आधीही पाचवीतल्या दहा मुलांपैकी चार-पाच जणांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. २०२४ मध्येही पाचवीतली निम्म्याहून थोडी कमीच मुलं तो वाचू शकली. नापास करत होतो तेव्हाही येत नव्हतं, नाही करत तेव्हाही येत नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर भाऊजी म्हणतील वहिनींनी सोयीचं तेवढं सांगितलं. कायदा आल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ते आकडे आणखी खाली आले होते, हे खरं आहे. परीक्षेची धास्ती गेल्यावर काही शिक्षकांनी हात सैल सोडले, तेही मी पाहिलं आहे. "असर" गावांचा आहे, शहराचं चित्र त्यात येत नाही. आणि पाचवीला बाहेरच्या माणसाने मुलाला समोर बसवून वाचायला लावलं तर मला आनंदच होईल. पण नव्या नियमात जादा शिकवणं येतं कधी? नापास झाल्यावर, दोन महिने. पाच वर्षांत जे झालं नाही ते दोन महिन्यांत होणार, तेही सुट्टीत, त्याच शिक्षकांकडून. ते दोन महिने दुसरीत द्या, तिसरीत द्या. मूल तेव्हा आठ वर्षांचं असतं, लाज वाटत नाही, बोट फिरवत वाचायला तयार असतं.

तुमच्या भाच्याचं. त्याला शिकवणी लावू नका, शिकवणीवाले सहावीचंच पुस्तक उघडतील. आधी पाठ केलेलं आणि वाचलेलं वेगळं काढा: त्याने कधी न पाहिलेला दुसरीचा उतारा द्या, मधलाच शब्द विचारा. अडला तर सुट्ट्या अक्षरांवर जा, मग मात्रा, मग त्याच्याच तोंडची वाक्यं लिहून वाचायला द्या. घरी कोणती बोली असेल ती चालेल, ती सुधारू नका. रोज थोडा वेळ, त्याच्या धाकट्या भावंडांसमोर नाही. गणित तोंडी येत असेल तर ते त्याला मोठ्याने म्हणून दाखवायला सांगा, सहावीच्या मुलाला काहीतरी येतंय हे घरात कळायला हवं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या, हे आधी लिहायला हवं होतं. आणि वाचताना एकसारखीच अक्षरं उलटसुलट होत असतील तर त्यासाठी वेगळी तपासणी असते, ती करा. माझ्या पद्धतीने सगळ्यांनाच येईल असं मी म्हणत नाही.

शाळेत गेलात तर टक्के विचारू नका. वर्गशिक्षकांना म्हणा, याला कितवीचं पुस्तक वाचता येतं ते कागदावर लिहून सही करून द्या. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.