गाळ चोपला जातो, खचतो की बसतो?

शिरपूरच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. समुद्रतळावरचा गाळ वरच्या थरांच्या ओझ्याने घट्ट होतो, त्या कॉम्पॅक्शनला भाषांतरात ‘संघनन’ लिहिलं, तर मुलं वाफेचं पाणी होणं समजली. मग शब्द कोणता घ्यावा?

ताई, मुलं चुकली नाहीत. ‘संघनन’ वाफेने आधीच अडवून ठेवलाय. ‘संहनन’ त्याहून बरा. चरकसंहितेत रोग्याची परीक्षा दहा बाबींनी करायला सांगितली आहे, त्यातली एक संहनन, म्हणजे अंगाची बांधणी घट्ट की सैल. पण वर्गात हा शब्द फळ्यावरच राहील.

आपल्याकडे जोत्यात मुरूम टाकून तो धुमसाने चोपतात. चोपताना मुरमातली हवा निघून जाते. समुद्रतळाच्या गाळात मात्र कणांमधली सगळी जागा पाण्याने भरलेली, तिथे हवा काढायची कुठून? म्हणून ‘चोपणे’ बाद. स्थापत्यवाले हा फरक काटेकोर पाळतात: हवा गेली तर कॉम्पॅक्शन, पाणी गेलं तर कन्सॉलिडेशन. भूशास्त्रज्ञ गाळातलं पाणी गेलं तरी कॉम्पॅक्शनच म्हणतात. भाषांतरकाराचा घोळ इथे होतो.

‘खचणे’ही नको, त्यात खालचा आधार सुटल्याचा भाव आहे.

माझं मत ‘दबून बसणे’ला. नवा भराव पाऊस खाऊन बसतो, तसं. आपल्या काळ्या रानाची माती तापी खंभातच्या आखाताकडे नेते (हतनूर आणि उकाई ही धरणं वाटेत बरीच अडवतात). आपल्या खानदेशी बोलीत ‘काळा’चा ‘काया’ होतो, त्या हिशोबाने समुद्रात ‘गाय’ साचते म्हणायचं! तर खंडांच्या कडेला ताज्या चिखलात घनफळाचे 70-80 टक्के पाणीच असतं. त्याचे चपटे कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे अस्ताव्यस्त उभे असतात; ओझं वाढलं की आडवे होतात आणि पाणी वर निसटतं. 80 टक्के पाण्याचा 100 मीटर थर 20 टक्क्यांवर आला, तर उरतो फक्त 25 मीटर. कण तेवढेच, गेलं ते पाणी. वाळू मुळातच साधारण 40 टक्क्यांपासून सुरू होते आणि तिचे कण एकमेकांना टेकलेले, म्हणून ती इतकी दबत नाही.

मुलांना चक्का सांगा. दही फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला की पाणी गळतं, चक्का बसतो. फडक्याऐवजी प्लास्टिकची पिशवी घेतली तर? वरवंट्याचं ओझं आतलं पाणीच पेलत राहील आणि दही तसंच सैल राहील. समुद्राखालीही गाळ भराभर साचला आणि चिकणमातीतून पाण्याला वाट मिळाली नाही, तर हेच होतं: पाण्याचा दाब वाढतो, कणांवर भार येत नाही. समुद्रात तेलविहीर खोदणारे अशा थराला फार जपून असतात. तिथे भाषांतरात ‘अल्पसंहनित’ वगैरे लिहू नका, ताई. ‘न बसलेला गाळ’ लिहा.