झेंडा, फ्लेक्स आणि परवानगी : प्रचारफलकांबद्दल वाचकांचे प्रश्न

(ही उत्तरे लोकसभा-विधानसभा निवडणुकांना धरून आहेत. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे आदेश वेगळे निघतात. मालमत्ता विद्रूपणाचा कायदा मात्र निवडणूक असो-नसो, बाराही महिने लागू असतो.)

प्रश्न : सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीला मी एका पक्षाचा झेंडा लावला. सेक्रेटरी म्हणतात, आचारसंहितेत झेंडा लावताच येत नाही. – वाचक, ठाणे

उत्तर : अशी सरसकट बंदी नाही. स्वतःच्या जागेवर, स्वखुशीने, कुणाच्या दबावाखाली न येता आणि कुणाला त्रास न देता झेंडा लावायला भारत निवडणूक आयोगाची हरकत नसते, फक्त स्थानिक कायदा किंवा न्यायालयाचा आदेश आड येता कामा नये. एकाच पक्षाचे लावायचे तर जास्तीत जास्त तीन झेंडे. वेगवेगळ्या पक्षांचे लावायचे तर प्रत्येकी एकच.

सेक्रेटरींचा मुद्दा एका बाबतीत रास्त ठरू शकतो. गॅलरी तुमची असली तरी बाहेरची भिंत, गच्ची, जिना आणि गेट सोसायटीचे. काठी गॅलरीच्या आतल्या कठड्याला बांधली असेल तर ठीक; बाहेरच्या भिंतीत खिळा मारला असेल तर कमिटीची लेखी संमती हवी.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. नुसता पक्षाचा झेंडा वेगळा आणि ‘अमुक उमेदवाराला मत द्या’ असा फलक वेगळा. अशा फलकावर तुम्ही पदरमोड करून खर्च केला तरी उमेदवाराची लेखी संमती लागते. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम 171-एचमध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 मध्ये आहे. दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला उमेदवाराची संमती दहा दिवसांत मागाहून घेण्याची सवलत त्यात आहे, पण तेवढ्यात फलक होत नाही. तेव्हा संमती आधीच घ्या.

प्रश्न : आमच्या घराची एक भिंत हमरस्त्याला लागून आहे. उमेदवाराचे कार्यकर्ते तिथे फ्लेक्स लावू मागतात. आमची ना नाही. तोंडी होकार पुरे ना? – वाचक, सातारा

उत्तर : नाही, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. मालक हो म्हणाला म्हणजे काम झाले, असे दोन्ही बाजू धरून चालतात. प्रत्यक्षात तीन वेगवेगळे कागद लागतात आणि एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

पहिला कागद तुमचा. साध्या कागदावर संमतीपत्र लिहा : मालमत्तेचा पत्ता किंवा मिळकत क्रमांक, नेमकी कोणती भिंत, फलकाची लांबी-रुंदी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मोबदला घेतला की नाही, आणि फलक उतरवण्याची जबाबदारी कोणाची. हा शेवटचा मुद्दा हमखास राहतो आणि निकालानंतर फाटका फ्लेक्स मालकाच्या गळ्यात पडतो. घरात भाडेकरू राहत असेल तर त्याचीही सही घ्या, कारण आयोगाच्या सूचनेत जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी अपेक्षित आहे.

दुसरा कागद नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियम, 1995 नुसार लोकांच्या नजरेस पडेल अशा कोणत्याही जागी स्थानिक प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावणे हा गुन्हा आहे. भिंत स्वतःची आहे, हा त्यावर बचाव होत नाही. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज उमेदवाराच्या माणसांनीच करावा. तुमचे संमतीपत्र, जागेचा फोटो आणि मोजमाप सोबत जोडायला द्या. बेकायदा फलकांबाबत सुस्वराज्य फाउंडेशन, सातारा यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी सविस्तर आदेश दिले. फलकावर परवानगीचा क्रमांक आणि मुदत छापण्याचा आग्रह तिथून आला. म्हणून आधी परवानगी, मग छपाई. आधी छापून ठेवलेल्या फ्लेक्सवर नंतर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली, तर ती पहिल्याच पावसात किंवा वाऱ्यात जाते आणि अतिक्रमण पथकाच्या लेखी तो फलक विनापरवाना ठरतो.

तिसरा कागद उमेदवाराचा. तुमच्या संमतीपत्राची प्रत तीन दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची, सोबत जागेचा तपशील आणि खर्च. तुम्ही जागा फुकट दिली तरी खर्च शून्य दाखवून चालत नाही. जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरली जाते. विधानसभेला या खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे, लोकसभेला 95 लाख.

तिन्ही कागदांच्या प्रती घरात ठेवा. पथक दारात येते तेव्हा कार्यकर्ते जागेवर नसतात, उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

प्रश्न : माझा छपाईचा व्यवसाय आहे. फ्लेक्सवर प्रेसचे नाव टाकावेच लागते का? – वाचक, सांगली

उत्तर : टाकावेच लागते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 127-अ नुसार प्रचाराच्या छापील मजकुरावर मुद्रक आणि प्रकाशक (मजकूर छापून घेणारा) दोघांचेही नाव-पत्ते हवेत. होर्डिंग आणि फ्लेक्सही त्यात येतात, हे आयोगाने 2024 मध्ये पुन्हा बजावले. छपाईआधी प्रकाशकाकडून सही केलेले घोषणापत्र दोन प्रतींत घ्या. त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनाच्या सह्या त्यावर लागतात. छपाईनंतर तीन दिवसांत घोषणापत्राची एक प्रत, छापील मजकुराच्या चार प्रती, तसेच किती नग छापले आणि किती पैसे घेतले याचा तक्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पोचवा. चूक झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फक्त सभेची तारीख, वेळ, ठिकाण कळवणारे पत्रक या कलमातून वगळले आहे. त्यात एक ओळ मतांच्या आवाहनाची घातली की ती सूट गेली.

डिझायनरला एक गोष्ट बजावून सांगा. मुद्रक-प्रकाशकाची ओळ तळाशी अगदी कडेला टाकली, तर आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) मारण्यासाठी कड दुमडताना ती नेमकी घडीत जाते. छापलेली असूनही दिसत नाही. कडेपासून किमान चार इंच वर घ्या आणि अक्षर रस्त्यावरून नाही तरी भिंतीजवळ उभे राहून वाचता येईल एवढे ठेवा.

प्रश्न : स्कूटरला आणि गाडीला झेंडा किती मोठा चालतो? – वाचक, नाशिक

उत्तर : दुचाकीला एकच, एक फूट बाय अर्धा फूट. तीनचाकी-चारचाकीला एकच, तीन फूट बाय दोन फूट. काठी तीन फुटांपेक्षा लांब नको. एक-दोन बेताचे स्टिकर चालतात, बॅनर नाही. ओला-उबरसारख्या भाड्याच्या गाडीवर झेंडा लावायचा तर ती प्रचाराची परवानगी घेतलेली गाडी हवी आणि मूळ परवाना समोरच्या काचेवर दिसला पाहिजे.

प्रश्न : निवडणूक जाहीर झाली, तरी चौकात नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक तसेच आहेत. तक्रार कुठे करायची? – वाचक, पुणे

उत्तर : निवडणूक जाहीर झाल्यापासून सरकारी कार्यालये आणि त्यांची आवारे 24 तासांत मोकळी झाली पाहिजेत. बसस्थानके, पूल, विजेचे खांब, पालिकेच्या इमारती अशा सार्वजनिक जागा 48 तासांत, तर खासगी जागांवरचे विनापरवाना फलक 72 तासांत. त्याआधी तक्रार केली तर ‘मुदत आहे’ एवढेच ऐकावे लागेल.

मुदत उलटल्यावर आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवर उभे राहून फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढा आणि पाच मिनिटांच्या आत पाठवा. मोबाइलमध्ये साठवलेला जुना फोटो ते घेत नाही, ठिकाण आपोआप नोंदवते. नाव न देताही तक्रार करता येते. 100 मिनिटांत निपटाऱ्याचे उद्दिष्ट असते. फोटो दोन काढा : एक जवळून, ज्यात परवानगी क्रमांक नसल्याचे आणि तळाची ओळ दिसेल, दुसरा लांबून, ज्यात खांब किंवा दुकानाची पाटी येईल. नुसता नेत्याचा चेहरा दिसणाऱ्या फोटोवरून पथकाला चौकात फलक शोधत फिरावे लागते. आचारसंहिता नसेल तेव्हा हेच दोन फोटो पालिकेच्या आकाशचिन्ह (जाहिरातफलक) व परवाना विभागाकडे द्या आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.