कोबो ग्लो सुरू होत नाही: बोर्डाला दोष देण्याआधी आतल्या कार्डाची इमेज काढा

तुमचा ग्लो, म्हणजे कोबोचा ई-पुस्तकं वाचायचा रीडर, सुरू होतानाच अडकतो, फॅक्टरी रिसेटही पुढे सरकत नाही, कोल्हापुरात राजारामपुरीतला दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणतो. तुम्ही झाकण उघडून आतलं २ जीबीचं मेमरी कार्ड पाहिलंत आणि विचारताय की त्या जागी मोबाइलमधलं ३२ जीबीचं कार्ड घातलं तर चालेल का. मी मंगळवार पेठेतला, आणि २०२१ साली माझ्या ग्लोचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नुसतं कोरं कार्ड घालून काही होणार नाही. या रीडरची सगळी सिस्टिम त्या कार्डावरच असते. रिसेट केल्यावर जी मूळ प्रत परत बसवली जाते, तीही त्याच कार्डाच्या दुसऱ्या विभागात (पार्टिशनमध्ये) असते. म्हणून कार्ड खराब झालं की रिसेटही अडकतो आणि बघणाऱ्याला वाटतं बोर्डच गेला. माझा रीडर एका सर्व्हिस सेंटरने जूनमध्ये मागवून घेतला. जुलैत पूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, ते दिवस मी समजून घेतले. पण रस्ता सुरू झाल्यावरही ‘तपासणी चालू आहे’ एवढंच उत्तर. सप्टेंबरात रीडर परत आला, सोबत चिठ्ठी: बोर्ड निकामी, नवीन घ्या. झाकणाच्या क्लिपा जशाच्या तशा होत्या, मागचा स्टिकरसुद्धा हललेला नव्हता. उघडून न बघता त्यांनी निकाल दिला, याचा राग मला आजही येतो.

पण खरं नुकसान माझ्या हातून झालं. मी कार्ड काढून विंडोज १० च्या लॅपटॉपला लावलं. एकदम तीन ड्राइव्ह दिसले आणि त्यातल्या दोघांसाठी ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं. ते दोन विभाग लिनक्सचे असतात, विंडोजला ते वाचता येत नाहीत, एवढंच त्याचं कारण. मला वाटलं बिघाड तोच. हो म्हटलं. तरी रीडर चालेना, म्हणून कार्ड दुरुस्त करणाऱ्या एका सॉफ्टवेअरने अख्खं कार्ड पुसून काढलं.

तिथे सगळं संपलं. पहिला विभाग सुरू होण्याआधी कार्डावर थोडी मोकळी दिसणारी जागा असते. ती मोकळी नसते. बूटलोडर (रीडर सुरू करणारा प्रोग्राम), कर्नल (सिस्टिमचा गाभा), रीडरचा सिरियल नंबर आणि पडदा कोणता, टच कोणता हे सांगणारी माहिती तिथे असते. फाइल्स कॉपी करून ती कधीच येत नाही, कारण ती फाइल म्हणून दिसतच नाही. मग मी मित्राच्या ऑरा एचडीची (कोबोचंच दुसरं मॉडेल) इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत, घातली, तर चित्र वेडंवाकडं आणि टचला दाद नाही. शेवटी पुण्यातल्या एका ओळखीच्यांनी त्यांच्या ग्लोची पूर्ण इमेज दिली, मागच्या झाकणावरचा माझा नंबर मी त्यात हेक्स एडिटरने (कच्चे बाइट बदलणाऱ्या प्रोग्रामने) घातला आणि रीडर उठला. चार वर्षांत अधोरेखित केलेले उतारे मात्र गेले. ते लपलेल्या ‘.कोबो’ फोल्डरमधल्या एका डेटाबेस फाइलीत असतात, हे मला नंतर कळलं.

म्हणून तुम्ही आधी इमेजच घ्या, बाकी सगळं नंतर. कार्ड खराब असल्याची शंका आहे, तेव्हा लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा इमेज काढायचा प्रोग्राम वापरा. ते न वाचता येणाऱ्या जागा सोडून पुढे जातं आणि त्यांची नोंद मॅपफाइलीत ठेवून नंतर पुन्हा प्रयत्न करतं. विंडोजच हाताशी असेल तर विन३२ डिस्क इमेजर, पण खराब जागा आली की ते तिथेच थांबतं. फॉरमॅटचा प्रश्न आला की रद्द करा, कितीही वेळा विचारला तरी. इमेज नव्या कार्डावर उतरवली की जीपार्टेड या विभाग लहान-मोठे करणाऱ्या प्रोग्रामने शेवटचा, पुस्तकांचा विभाग वाढवता येतो.

मोबाइलमधलं कार्ड वापरू नका असं माझं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं फोटो, व्हिडिओ लिहून झिजलेल्या कार्डावर सिस्टिम कशाला ठेवायची? नवं घ्या, ‘ए१’ लिहिलेलं. सिस्टिम सतत छोटे छोटे तुकडे वाचते. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. ‘१०० एमबी’ हा वेगाचा मोठा आकडा इथे फारसा कामाचा नाही. आणि आणल्या आणल्या एच२टेस्टडब्ल्यू हा कार्डाची खरी क्षमता तपासणारा प्रोग्राम चालवा, लिहिलेल्या क्षमतेपेक्षा कमी जागेची बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत.

मी आजवर ग्लो आणि ऑरा एचडी हे दोनच उघडलेत, त्यामुळे इतर मॉडेलबद्दल माझा शब्द अंतिम धरू नका. ऑरा एच२ओ असेल तर उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं असं समजा. झाकण उचकटायला स्क्रू ड्रायव्हर नको, जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा पुरतो.

रीडर उठला तर त्यावर कोरीडर हे वाचनाचं ॲपही बसवा. मराठी जोडाक्षरं त्यात नीट दिसतात. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट टाकून मी रोज वाचतो, डोळ्यांना त्रास नाही.

इमेज निघाली की मॅपफाइलीत किती जागा वाचता आली नाही, तेवढं इथे लिहा. खराब जागा पुस्तकांच्या विभागात असेल तर काम सोपं आहे. ती सुरुवातीच्या भागात असेल तर माझ्याकडे ग्लोची चांगली इमेज आहे, ती घ्या. तोवर जुनं कार्ड पुन्हा रीडरमध्ये घालू नका.