हॉलमधला कॉम्प्युटर होम थिएटर करताना: ताकद कमी असली तरी चालेल, आवाज आणि रिमोट आधी बघा

नमस्कार. तुमच्याकडे आहे ते असं: ऑफिसातून निघालेला, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा कॉम्प्युटर, ८ जीबी रॅम, नवीन ५५ इंची ४के टीव्ही आणि एक साउंडबार. प्रश्न चार. ग्राफिक्स कार्ड घालावं का, विंडोज ठेवावं की लिनक्स, कॅमेरा आडवा फिरला की चित्र का अडखळतं, आणि संवाद ऐकू येत नसताना मारामारी सुरू झाली की घर का दणाणतं. चारही प्रश्नांना उत्तर आहे. पण तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या वाटतात, म्हणून त्या आधी घेतो.

माझ्या हॉलमध्ये असं मशीन बारा वर्षं चालू आहे. पहिल्या वर्षी त्याला वायरलेस कीबोर्ड होता. मी आठवडाभर बाहेरगावी गेलो आणि परतल्यावर कळलं, की आईने एकही दिवस काही लावलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी अपडेटची खिडकी पडद्यावर आली, ती बंद कशी करायची हे तिला कळेना, आणि आपल्या हातून काही बिघडेल या भीतीने तिने भिंतीवरचा स्विचच बंद केला. नातवंडांचे सगळे व्हिडिओ त्याच मशीनवर होते. मला ते फार लागलं. तेव्हापासून माझी कसोटी एकच: घरातल्या ज्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही, त्याला एका रिमोटने, कुणाला न विचारता, हवं ते लावता आलं पाहिजे. तोवर ते होम थिएटर झालं असं मी धरत नाही.

टीव्हीच्या रिमोटनेच जोडलेली उपकरणं चालवता येतात ती एचडीएमआयमधल्या सीईसी या सोयीमुळे. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या एचडीएमआयला ही सोय सहसा नसते, त्यामुळे केबल जोडून रिमोट चालेल अशी अपेक्षा धरू नका. मी फ्लर्क नावाचा छोटा यूएसबी रिसीव्हर वापरतो. कुठल्याही इन्फ्रारेड रिमोटची बटणं त्याला एकदा शिकवायची, मग कॉम्प्युटरला तो साधा कीबोर्ड वाटतो. मात्र नव्या टीव्हींचे बरेच रिमोट ब्लूटूथवर चालतात, ते याला कळत नाहीत. घरात पडून असलेला एखादा जुना इन्फ्रारेड रिमोट काढा, त्याची नको ती बटणं तशीच सोडा आणि फक्त बाण, ओके, मागे, थांबा-चालू आणि पॉवर एवढीच शिकवा. रिसीव्हर यूएसबीच्या एक्स्टेंशन केबलने पुढे आणा. कपाटाच्या दाराआड ठेवलात तर रिमोट पोचणार नाही.

पॉवर बटणाने मशीन पूर्ण बंद न करता स्लीपमध्ये न्यायचं. उठवण्यासाठी बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) यूएसबीवरून वेक होण्याचा पर्याय चालू लागतो, आणि ईआरपी किंवा डीप स्लीप नावाचा वीजबचतीचा पर्याय असेल तर तो बंद. तो चालू राहिला, की मशीन झोपल्यावर यूएसबी पोर्टचा वीजपुरवठाच तुटतो आणि रिसीव्हरही झोपतो. यावर मी दोन रात्री घालवल्यात, तुमच्या वाचाव्यात म्हणून सांगतोय.

दुसरी गोष्ट आवाजाची, म्हणजे मशीनच्या. तुमच्यासारख्या छोट्या ऑफिस डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये बहुतेक लहान पंखा असतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री अकराला, पडद्यावर दोन माणसं काही न बोलता बसलेली असताना, तो बारीक शीळ घातल्यासारखा ऐकू यायला लागतो, आणि एकदा कानाने तो पकडला की पुढचा सगळा चित्रपट त्याच्यासोबत बघावा लागतो. झाकण उघडून धूळ साफ करा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला, बायॉसमध्ये पंख्यांचा वेग तापमानानुसार हळू वाढेल असा ठेवा. फिरती हार्ड डिस्क असेल तर सिस्टमसाठी छोटी एसएसडी टाका. मोठी डिस्क हॉलमध्ये नसलेली बरी. तिची खरखर लाकडी कपाटाला लागली, की कपाटच वाजायला लागतं. कपाटात ठेवणार असाल तर पाठीमागची फळी कापून हवेला वाट करून द्या.

आता ग्राफिक्स कार्ड. माझं मत: घालू नका. व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या ताकदीवर करायचं नसतं, त्यासाठी चिपमध्ये खास भाग असतो. तुमच्या चिपमधल्या भागाला एच.२६४ ही व्हिडिओ दाबून साठवण्याची जुनी पद्धत उत्तम येते, म्हणजे १०८०पीचं बहुतेक सगळं सहज चालेल. ४के चित्रपट मात्र बहुतेक एचईव्हीसी या नव्या पद्धतीत १० बिटचे (रंगांच्या जास्त छटांचे) असतात, आणि ते हार्डवेअरमध्ये पूर्ण उलगडणं इंटेलने सातव्या पिढीपासून आणलं. तुमचा आय५ ते सॉफ्टवेअरने करायला जाईल, चारही कोअर तापतील, पंखा ओरडेल आणि चित्र तरीही तुटेल. एनव्हिडियाच्या जीटी १०३० सारखं छोटं कार्ड हे काम करतं हे खरं, पण त्याला एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत येत नाही. शिवाय पुढे सुचवतोय त्या लिब्रेइलेकमध्ये एनव्हिडियाच्या कार्डावर एचडीआर (उजेड-अंधार आणि रंगांचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) मिळत नाही. जुन्या मशीनवर नवा खर्च करून हाती अर्धंच लागेल.

४केच हवं असेल तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी घ्या. ६ वॉटची चिप आहे, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या तिन्ही पद्धती हार्डवेअरमध्ये उलगडते. घेताना एचडीएमआय २.० किंवा वरचं आहे ना तेवढं बघा, कारण १.४ वर ४के जास्तीत जास्त ३० हर्ट्झला जातं. तुमचा आय५ मग दुसऱ्या खोलीत फाइलींचं कोठार म्हणून ठेवा. त्यावर जेलीफिन हा फाइली घरभर पुरवणारा प्रोग्राम टाकलात की घरातल्या फोन-टॅबलाही तेच सगळं दिसेल.

पण लगेच धावू नका. ५५ इंची पडद्यावर १०८०पी चित्राचा एक ठिपका साधारण ०.६३ मिलिमीटरचा होतो, आणि सव्वादोन मीटरच्या पलीकडून तो सामान्य नजरेला सुटा दिसत नाही. तुमचा सोफा तीन मीटरवर असेल तर ४केच्या नुसत्या ठिपक्यांनी फारसा फरक पडणार नाही, फरक दिसेल तो एचडीआरचा. महिनाभर आहे त्या मशीनवर १०८०पी बघा, मग ठरवा.

विंडोज की लिनक्स? या मशीनपुरतं तरी लिनक्स. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढच्याच इंटेल प्रोसेसरवर चालतं. लिब्रेइलेक हे फक्त कोडी, म्हणजे चित्रपट-गाणी लावण्याचा प्रोग्राम, चालवण्यापुरतं लिनक्स आहे. मशीन सुरू झालं की थेट कोडीचा पडदा समोर येतो. मध्ये डेस्कटॉप नाही, अचानक उगवणाऱ्या खिडक्या नाहीत. कोडीचा जन्मच मुळी दूरवरून रिमोटने वापरण्यासाठी झाला, २००२-०३ च्या सुमारास पहिल्या एक्सबॉक्सवर. आधीचं नाव एक्सबीएमसी होतं, २०१४ मध्ये कोडी झालं. डिस्कवर काही न पुसता दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर लिब्रेइलेक टाकून आठवडाभर वापरून बघता येतं.

स्ट्रीमिंगचं मात्र वेगळं. लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये संरक्षित व्हिडिओंसाठी वाइडव्हाइन या नक्कल-रोधक यंत्रणेची एल३ ही सॉफ्टवेअर पातळीच मिळते. मोठ्या सेवा तिथे ४के देत नाहीत, काही तर १०८०पीही देत नाहीत. नवीन टीव्हीतली त्यांची अ‍ॅप्स यापेक्षा केव्हाही चांगलं चित्र देतात. पैसे भरून घेतलेल्या सेवा टीव्हीवर, स्वतःचा संग्रह कॉम्प्युटरवर, अशी सरळ वाटणी करा.

आता अडखळण्याचं. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण मशीन बदलूनही हे जात नाही आणि एका सेटिंगने जातं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात, तुमचा टीव्ही कॉम्प्युटरकडून ६० घेतोय. २४ चा ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, पुन्हा दोनदा, असं दाखवलं जातं. माणसं बोलत असताना हे कळत नाही. कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश आडवा सरकला की कळतं: कडा गुळगुळीत न सरकता लंगडत जाते. शेवटची नामावली वर सरकतानाही तसंच.

कोडीच्या सेटिंगमध्ये प्लेअर, तिथे व्हिडिओज, आणि तिथे 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' आहे. ते 'ऑन स्टार्ट / स्टॉप' करा. दिसत नसेल तर खाली डाव्या कोपऱ्यात सेटिंगची पातळी वाढवा. मग चित्रपट सुरू होताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होईल, घाबरू नका, टीव्ही २४ वर जातोय. त्या वेळात आवाज पुढे पळत असेल तर तेवढ्यापुरतं थांबण्याचा पर्याय सिस्टम सेटिंगमधल्या डिस्प्लेत आहे. यात एक बारकावा आहे. बहुतेक फाइली नेमक्या २४ च्या नसून २३.९७६ च्या असतात. टीव्ही २४.००० वर राहिला तर दर ४२ सेकंदांच्या आसपास एक चित्र दोनदा दिसतं आणि बारीकसा हिसका बसतो. म्हणून सिस्टम सेटिंगमधल्या व्हाइटलिस्टमध्ये (कोडीने वापरायच्या वेगांच्या यादीत) २३.९७६, २४, २५, ५०, ५९.९४ आणि ६० हे सगळे वेग टिकमार्क करा. मेनूचा पडदा १०८०पी ६० वर ठेवा. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (मधली चित्रं स्वतः बनवून घालण्याची सोय) बंद करा, नाहीतर हे सगळं करून चित्र पुन्हा टीव्ही मालिकेसारखं नको तितकं गुळगुळीत दिसेल.

टीव्हीवर असताना आणखी दोन गोष्टी उरका. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन टीव्हीच्या मेनूत बंद करा, जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट अशा नावांनी तो असतो. कॉम्प्युटरकडून चित्र आक्रसून बसवू नका, अक्षरं पुसट होतात. आणि काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा अंधारातले केस-कपडे एकच काळा गोळा होत असतील, तर रंगांची रेंज जुळत नाही. व्हिडिओची १६ ते २३५ किंवा कॉम्प्युटरची ० ते २५५, दोन्हीकडे एकच ठेवा.

राहिले संवाद. ५.१ च्या (पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा) साउंडट्रॅकमध्ये बोलणं जवळजवळ सगळं मधल्या चॅनेलमध्ये असतं. तुमचा साउंडबार दोनच चॅनेलचा असेल तर मधला चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळावा लागतो, तिथे संगीत आणि गाड्यांचे आवाज आधीच गर्दी करून असतात. अशा वेळी पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) बंद करा, चॅनेल २.० निवडा आणि मिसळण्याचं काम कोडीला करू द्या. मग चित्रपट चालू असताना ऑडिओच्या मेनूतलं 'व्हॉल्यूम अ‍ॅम्प्लिफिकेशन' थोडं वाढवा. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठ्यांना आवरतं. पासथ्रू चालू असेल तर याचा उपयोग होत नाही, कारण तेव्हा कोडी आवाजाला हातच लावत नाही. बसवताना एकच कुजबुजीचा प्रसंग पुन्हा पुन्हा लावा आणि लगेच पुढचा गोंगाटाचा, दोन्ही एकाच व्हॉल्यूमवर सहन व्हायला हवेत.

साउंडबारला खरोखर मधला स्पीकर असेल तर उलट करा, पासथ्रू चालू ठेवा. फक्त मार्ग बघा. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल आणि साधं डीटीएस जातं, ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मावत नाही, टीव्हीमधून साउंडबारकडे ते न्यायला ईएआरसी लागतं (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून परत पाठवणाऱ्या एआरसीची वाढीव आवृत्ती). काही टीव्ही डीटीएस पुढे जाऊच देत नाहीत. कोडीत डीटीएसचा पासथ्रू बंद केला की कोडी ते स्वतः उलगडून देतं. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ऑडिओ ऑफसेट (आवाज मागे-पुढे सरकवण्याचं सेटिंग) २५ मिलिसेकंदांच्या पायरीने सरकवून जुळवा आणि सगळ्या फाइलींसाठी कायम करा.

फाइलींची नावं चित्रपटाचं नाव आणि कंसात वर्ष अशी ठेवलीत तर पोस्टर आपोआप येतात. चित्रपट आणि मालिका वेगळ्या फोल्डरमध्ये. उपशीर्षकांच्या जागी अगम्य चिन्हं येत असतील तर ती फाइल यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा. घरचे व्हिडिओ लायब्ररीत घालू नका, साध्या फोल्डरनेच दाखवा, नाहीतर मुलाच्या पहिल्या पावलांना कुठल्यातरी चित्रपटाचं पोस्टर चिकटतं. त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच. हॉलमधली डिस्क गेली तर चित्रपट पुन्हा मिळतील, ती पावलं मिळणार नाहीत.

सुरुवात रिफ्रेश रेटपासून करा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि साउंडबारच्या मागे कोणकोणते पोर्ट आहेत, एचडीएमआयवर एआरसी लिहिलंय की ईएआरसी, तेवढं बघून कळवा. म्हणजे आवाजाच्या दोनपैकी कुठला मार्ग तुम्हाला लागू आहे ते नक्की सांगता येईल.