पाळी गेल्यानंतरची संयुक्त गोळी: कोणाला, कोणती आणि किती काळ

रजोनिवृत्तीच्या काळात घ्यावयाच्या संयुक्त संप्रेरक गोळ्यांविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखिकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न: माझे वय 51 असून पाळी जाऊन दीड वर्ष झाले. दिवसातून अनेकदा अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने अंथरूण भिजते आणि झोप अशी लागतच नाही. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून संयुक्त हार्मोनची गोळी लिहून दिली. परंतु पाकिटातील पत्रकात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या असे वाचल्यापासून पाकीट कपाटातच पडून आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ही गोळी घ्यावी की नाही? (सोलापूर)

उत्तर: आपल्या शंकेत तथ्य आहे, पण पत्रक वाचून होणारा अर्थ आणि आपल्यासारख्या स्त्रीच्या बाबतीत असलेला खरा धोका यांत बरेच अंतर आहे.

आधी गोळी संयुक्त का असते ते पाहू. वाफा, घाम, झोपमोड आणि योनिमार्गाचा कोरडेपणा हे त्रास इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक (हार्मोन) कमी झाल्यामुळे होतात व त्यांवर उपाय इस्ट्रोजेनचाच आहे. मात्र ज्या स्त्रीचे गर्भाशय जागेवर आहे तिला नुसते इस्ट्रोजेन देत राहिल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि काही जणींत त्याचे रूपांतर कर्करोगात होते. हे 1975 च्या सुमारास अमेरिकेत स्पष्ट झाले, आणि तेव्हापासून अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टोजेन सोबत देण्याची पद्धत रुळली. म्हणजे गोळीतील दुसरा घटक आपल्या त्रासासाठी नसून पहिल्या घटकापासून संरक्षण देण्यासाठी असतो. तो जड पडतो म्हणून एकट्या इस्ट्रोजेनवर राहण्याचा निर्णय गर्भाशय असलेल्या स्त्रीने परस्पर कधीही घेऊ नये.

आता भीतीविषयी. जुलै 2002 मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा संयुक्त गोळीचा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला आणि जगभरातील लाखो स्त्रियांनी उपचार सोडले. त्या भागात 16,608 स्त्रिया होत्या. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे 8, पक्षाघाताचे 8, फुप्फुसात गुठळी अडकण्याचे 8 आणि हृदयविकाराचे 7 जादा प्रसंग आढळले. त्याच वेळी आतड्याच्या कर्करोगाचे 6 आणि खुब्याच्या हाडाच्या अस्थिभंगाचे 5 प्रसंग कमी झाले. वर्तमानपत्रांनी यांतील पहिला अर्धा भाग ठळक अक्षरांत छापला. त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते आणि बहुतेकींची पाळी जाऊन दहाहून अधिक वर्षे लोटली होती, ही गोष्ट मात्र त्या गदारोळात मागे पडली. पुढे त्याच माहितीचे वयानुसार विश्लेषण झाल्यावर असे दिसले की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रियांत हृदयविकाराच्या बाबतीत चित्र पुष्कळ सौम्य आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतला ठळक इशारा बहुतांशी काढून टाकण्याचे जाहीर केले, ते याच फेरविचाराचे फळ होते. माझ्या मते त्या घोषणेतही थोडा अतिउत्साह होता, कारण इशारा काढल्याने धोका शून्य होत नाही.

स्तनाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणानुसार, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे रोज दोन्ही घटकांची गोळी घेणाऱ्या दर 50 स्त्रियांमागे पुढील वीस वर्षांत एकीला जादा कर्करोग होतो. हे गणित पाश्चात्त्य स्त्रियांचे आहे; आपल्याकडे या रोगाचे मूळ प्रमाणच कमी असल्याने जादा रुग्णांची संख्याही कमी असेल असे मानण्यास जागा आहे. घरात आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा कर्करोग झाला असल्यास मात्र ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पहिली गोळीदेखील घेऊ नये.

आपल्या रक्तदाबाविषयी: तो औषधाने आटोक्यात असेल तर केवळ तेवढ्या कारणाने संयुक्त गोळी वर्ज्य ठरत नाही. तो 160-170 च्या घरात फिरत असेल तर आधी तो खाली आणावा लागेल. ज्यांना ही गोळी देऊच नये अशा स्त्रियांची यादी मात्र ठरलेली आहे: ज्यांना स्वतःला स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला आहे अथवा त्याचा संशय आहे, ज्यांना कारण न कळलेला रक्तस्राव होत आहे, ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली होती, ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे आणि ज्यांचे यकृत सध्या आजारी आहे. वजन बरेच जास्त असेल, धूम्रपान किंवा मिश्रीची सवय असेल, अथवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठत असेल, तर गोळीऐवजी त्वचेवर लावायची जेल किंवा चिकटवायची पट्टी योग्य की काय, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. पोटात घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तेथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून गेलेले इस्ट्रोजेन तसे करत नाही, म्हणून गुठळीचा धोका गोळीत दिसतो तसा जेलमध्ये दिसत नाही. जेल घेतली तरी प्रोजेस्टोजेन वेगळे घ्यावेच लागते. मिश्रीचा उल्लेख डॉक्टरांपुढे सहसा कोणी करत नाही, म्हणून येथे मुद्दाम केला.

या यादीत आपण बसत नसाल, तर पाकीट कपाटातून बाहेर काढण्यास माझी हरकत नाही. गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अधूनमधून डाग दिसणे, स्तन जड वाटणे, मळमळणे हे होऊ शकते आणि बहुधा आपोआप थांबते. सहा महिन्यांनंतरही डाग चालू राहिले, किंवा मध्ये पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहणे आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणे टाळू नये. एका पोटरीत अचानक सूज व वेदना, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा हातातील बळ जाणे, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, कावीळ यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न: मी 47 वर्षांची आहे. पाळी कधी दोन, कधी तीन महिन्यांनी येते आणि वाफांचा त्रास फार होतो. माझ्या थोरल्या जाऊबाईंना हार्मोनच्या गोळीने आराम पडला, म्हणून त्याच नावाची गोळी औषधाच्या दुकानातून आणून दोन महिने घेत आहे. वाफा कमी झाल्या, पण मधूनच रक्तस्राव होतो. गोळी बदलावी का? (जळगाव)

उत्तर: प्रथम थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. जाऊबाईंची गोळी वाईट नाही, ती आपल्यासाठी नाही.

संयुक्त गोळ्यांचे दोन प्रकार असतात. पाळी बंद होऊन पूर्ण वर्ष झाले असेल तर दोन्ही घटक रोज असलेली गोळी देतात व तिच्यात पाळी येत नाही. ज्यांची पाळी अजून येत आहे, कितीही अनियमित का असेना, त्यांना इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टोजेन महिन्यातील दहा ते चौदा दिवसच देतात. त्या पाकिटात सहसा दोन रंगांच्या गोळ्या असतात आणि दर महिन्याला पाळीसारखा स्राव येतो. आपली बीजकोष ग्रंथी अजून मनाला येईल तेव्हा काम करत आहे. अशा वेळी पहिल्या प्रकारची गोळी घेतली की केव्हाही रक्त दिसू लागते, आणि ते गोळीमुळे आहे की गर्भाशयातील एखाद्या गाठीमुळे, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. अशा गोळमालात खरा आजार महिनोन् महिने लपून राहिल्याची उदाहरणे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामात येतात.

आणखी एक गोष्ट या वयाच्या स्त्रिया गृहीत धरतात. ही गोळी गर्भनिरोधक नाही. तिच्यातील इस्ट्रोजेनची मात्रा बीजनिर्मिती थांबवण्याइतकी नसते. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधनाचे साधन चालू ठेवावे. उलट, नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या हार्मोनच म्हणून वाफांसाठी घेत राहणे हेही या वयात परस्पर करू नये, कारण त्यांतील इस्ट्रोजेन अधिक प्रभावी असते व गुठळीचा धोकाही त्यानुसार वाढतो. गणपती-गौरीच्या किंवा लग्नकार्याच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी तर निराळीच. तिच्यात इस्ट्रोजेन नसते. आपल्याकडे या तिन्ही गोळ्यांना सरसकट ‘हार्मोनची गोळी’ म्हणतात आणि दुकानदारही चिठ्ठीशिवाय देऊन मोकळा होतो. तसे देणे नियमात बसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना घेतलेल्या गोळीचे रिकामे पाकीट सोबत न्यावे. रक्तदाब, वजन, स्तनांची व अंतर्गत तपासणी, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) झाल्यावर आपल्याला योग्य प्रकार ठरेल.

प्रश्न: आमच्या गावाकडील नात्यातील एक बाई 38 वर्षांच्या आहेत. ऊसतोडीला जातात. चार वर्षांपूर्वी त्यांची गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशये काढली. तेव्हापासून अंग भाजते, सांधे दुखतात. कोणीतरी त्यांना संयुक्त गोळी सुचवली. घेऊ द्यावी का? (बीड)

उत्तर: हे पत्र वाचून आश्चर्य वाटले नाही, खेद मात्र वाटला. 2019 मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 80 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. शस्त्रक्रिया झाली की प्रश्न मिटला असे समजले जाते. पुढच्या वीस वर्षांत शरीरात काय होईल, हे त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगते.

गर्भाशयच नसल्यामुळे अस्तराच्या संरक्षणाचा प्रश्न उरत नाही, म्हणून त्यांना सहसा नुसते इस्ट्रोजेन पुरते. संयुक्त गोळीतील दुसरा घटक त्यांना फायदा न देता स्तनाच्या कर्करोगाचा धोका तेवढा वाढवतो. शस्त्रक्रिया एंडोमेट्रिओसिससाठी (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारासाठी) झाली असेल तर अपवाद संभवतो, म्हणून जुने कागद शोधून काढावेत.

इथे उपचार घेण्याच्या धोक्यापेक्षा न घेण्याचा धोका मोठा आहे. चौतिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशये गेली, म्हणजे निसर्गाने आणखी बारा-तेरा वर्षे दिले असते ते इस्ट्रोजेन एका दिवसात थांबले. त्याने हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकारही लवकर गाठतो. म्हणून वर सांगितलेल्या वर्ज्य यादीत त्या बसत नसतील, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याची शिफारस केली जाते. साठीच्या स्त्रियांवरील अभ्यासांची भीती या वयाला लागू करणे चुकीचे आहे. त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात न्यावे, आणि सहा महिने उसाच्या फडात असताना गोळ्या व तपासणी कशी चालू ठेवायची याची चर्चा तेथेच करावी. अन्यथा चिठ्ठी कागदावरच राहील.

प्रश्न: वय 57. सहा वर्षांपासून संयुक्त गोळी घेते व तब्येत उत्तम आहे. थायरॉइडची गोळीही चालू आहे. पुढील महिन्यात गुडघ्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया आहे. गोळी बंद करावी का, आणि कायमची कधी थांबवावी? मध्येच एखादी गोळी चुकली तर काय करावे? (पुणे)

उत्तर: शस्त्रक्रियेचा मुद्दा तातडीचा आहे. सांधेबदलानंतर हालचाल मंदावते आणि पायात गुठळी होण्याचा धोका मुळातच अधिक असतो. त्यात गोळीची भर नको म्हणून ती सहसा चार ते सहा आठवडे आधी थांबवतात आणि चालणे-फिरणे पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू करतात. आपल्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या तिघांनाही गोळीविषयी सांगावे. पुरेसे आधी थांबवणे जमले नाही तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांची योजना ते करतील.

गोळी चुकल्याचे बारा तासांच्या आत लक्षात आले तर घ्यावी, अन्यथा सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. चुकल्यामुळे एखादा डाग दिसू शकतो.

पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे थायरॉइडच्या औषधाची गरज वाढू शकते, त्यामुळे गोळी सुरू किंवा बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासावे. फिट्ससाठीच्या काही गोळ्या आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन यांमुळे संप्रेरकांचा परिणाम घटतो, हेही इतर वाचकांनी लक्षात ठेवावे.

कायमची कधी थांबवावी याला ठरावीक वर्ष नाही. वाफांचा त्रास अनेकींना सात वर्षांच्या आसपास राहतो, काहींना त्याहून बराच जास्त. दरवर्षी एकदा डॉक्टरांसमोर बसून गोळी अजून कशासाठी हवी हे ठरवणे, कमीत कमी मात्रेवर भागते का ते पाहणे आणि मॅमोग्राफी वेळेवर करणे, इतकी शिस्त असावी. गुडघ्याच्या निमित्ताने गोळी थांबणारच आहे, तर त्या काळात वाफा परत येतात का याची नोंद ठेवावी. आल्या नाहीत तर पुन्हा सुरू करण्याचे कारण उरत नाही. नुसता कोरडेपणा किंवा लघवीची जळजळ राहिली, तर त्यासाठी पोटातून गोळी घेण्याची गरज नसते. योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम पुरते, ते रक्तात अत्यल्प जाते आणि त्याच्यासोबत प्रोजेस्टोजेन सहसा घ्यावे लागत नाही.