लग्नात नावाची पाटी द्यायचीय, मराठीतच हवीय

प्रश्न : ताई, मावसबहिणीचं डिसेंबरात लग्न आहे, दोघं खारघरला राहणारेत. पाकीट आणि मिक्सर सगळेच देतात, म्हणून मी दारावरची पाटी स्वतः बनवून द्यायचं म्हणतेय, लाकडावर अ‍ॅक्रिलिकची सोनेरी अक्षरं. लाकूड कुठलं घेऊ, अक्षरं कशी कापून घेऊ, आणि आडनाव कुणाचं टाकू?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आधी आडनावाचं बोलू, कारण एक रुपयाही खर्च करायच्या आधी ते ठरायला हवं. बहिणीला सरळ फोन करा, सरप्राइज फुटलं तर फुटू दे. आडनाव बदलायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं, आपण अंदाजाने टाकलेलं आडनाव तिने रोज दार उघडताना बघायचं हे मला अजिबात पटत नाही. विचारायचंच नसेल तर नुसती दोघांची नावं टाका, तिचं आधी. ऱ्हस्व-दीर्घ मात्र ती स्वतः कसं लिहिते तेच घ्या, पत्रिकेवर विसंबू नका.

आता अक्षरं. मराठीचं एक बरं असतं, शिरोरेषेमुळे बहुतेक नावं एका तुकड्यात कापून निघतात, एकेक अक्षर ओळीत चिकटवत बसावं लागत नाही. पण समजा नाव मंदार असेल तर अनुस्वार सुटा निघतो आणि तो टिकलीएवढा तुकडा हमखास हरवतो नाहीतर चिकटवताना सरकतो, म्हणून दोन-चार टिंबं जास्तीची कापून घ्या आणि कापायला द्यायच्या फाइलचीच खऱ्या मापाची प्रिंट काढून पाटीवर ठेवून टिंबाची जागा पेन्सिलने आखून घ्या. वागळे इस्टेटला लेझर कटिंगवाले आहेत, 3 एमएमची शीट सांगा, आणि फॉन्ट जाड निवडा, गूगल फॉन्ट्सवरचा मुक्ता फुकट आहे आणि छान दिसतो. नाजूक वळणाचे फॉन्ट स्क्रीनवर सुंदर वाटतात पण बारीक रेघ कापताना किंवा चिकटवताना मोडते. फाइल देताना अक्षरं कर्व्हजमध्ये कन्व्हर्ट करूनच द्या, म्हणजे ती फॉन्टवर अवलंबून न राहता नुसते आकार बनतात, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि कापणाऱ्याला मराठी येत नसेल तर तो तसंच कापून हातात देतो. कापायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचून बघा, प्लीज, व्हॉट्सअ‍ॅपवर ओके म्हणू नका.

लाकडाचं सोपं आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतं पण आपल्याकडच्या पावसाळ्यात कडेने फुगतं, त्यापेक्षा सागवानाची फळी घ्या, बजेट नसेल तर मरीन प्लाय, म्हणजे ओल सोसणारं प्लायवुड, कडा नीट सील करून. पॉलिश मागच्या बाजूलाही मारा, ओल तिथूनच शिरते आणि फळी वाकते. पॉलिश पूर्ण वाळल्यावरच अक्षरं चिकटवा.

फ्लॅट भाड्याचा असेल तर घरमालक ड्रिल मारू देईलच असं नाही, तेव्हा मागे दोन हुक लावून सेफ्टी डोअरच्या जाळीला अडकवता येईल अशीच करा, घर बदललं की पाटीही बरोबर जाईल. आणि देताना बहिणीला एवढं सांगा की पुसायला थिनर किंवा स्पिरिट नको, अ‍ॅक्रिलिकला बारीक चिरा पडतात, ओलसर मऊ कापड पुरे.