आधी फिल्म, मग स्कोअर

रेसिडेन्सीत नवीन आहेस, म्हणून सांगतो. छातीच्या एक्स-रेवर टीबीचं सॉफ्टवेअर स्कोअर देतं, तो आधी बघू नकोस. फिल्म स्वतः वाच, दोन ओळी लिही, मगच हीटमॅप, म्हणजे सॉफ्टवेअरला संशय वाटलेल्या जागा रंगवून दाखवणारं चित्र, चालू कर. एकदा लाल डाग दिसला की नजर तिथेच अडकते आणि हृदयामागची गाठ राहून जाते. माझ्याकडून राहिली होती. ती फिल्म अजून डोळ्यांपुढे येते.

८० स्कोअर म्हणजे ८० टक्के टीबी नव्हे. कटऑफ, म्हणजे ज्या स्कोअरच्या वर टीबीचा संशय धरायचा तो आकडा, किती ठेवायचा हे तिथल्या रुग्णांवर ठरतं, तेव्हा तुमच्याकडे किती ठेवलाय ते विचारून घे. हे सॉफ्टवेअर वापरण्याची जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५ वर्षे आणि त्यापुढच्यांसाठी आहे, लहान मुलांसाठी नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो जुना, बरा झालेला टीबी. फुप्फुसाच्या शेंड्याला व्रण असतो, वर ओढलेला हायलम (फुप्फुसात रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका शिरतात ती जागा) असतो आणि स्कोअर चढतो. अशा वेळी जुनी फिल्म मागव, शेजारी लावून बघ. काहीच बदललेलं नसेल तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिही. आणि स्कोअर कमी असला तरी दोन आठवडे खोकला, ताप असेल तर थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू जनुकांवरून शोधणाऱ्या तपासणीला, पाठवायला सांगच.